चिखल न करता भात? आपल्या वेल्ह्यात यावर बोलायला हवं

मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे. पण एकदा पाऊस लागला की कुणाला वाचायला वेळ नसतो, म्हणून आत्ताच लिहितोय.

आपल्याकडे भात म्हणजे राब भाजायचा, तरवा टाकायचा, चिखलणी करायची आणि मग लावणी. बैल गेले, पॉवर टिलर आले, पण पद्धत तीच राहिली. लावणीला माणूस मिळत नाही. तरणी पोरं पुण्यात नाहीतर शिरवळच्या कंपन्यांत. परवडत नाही म्हणून खाचरं पडीक, आणि पडीक खाचर विकायला किती वेळ लागतो ते आपण बघतोच आहोत.

कर्जत तालुक्यात नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा बागेत वेगळी वाट काढली. त्याला सगुणा राईस टेक्निक, म्हणजेच एसआरटी म्हणतात. एकदाच साधारण साडेचार फुटांवर सऱ्या पाडून गादीवाफे करायचे. लोखंडी साच्याने 25 बाय 25 सेंटिमीटरवर भोकं पाडून त्यात भाताचं बी टोकायचं. राब नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. कापणीनंतर बुडखे उपटायचे नाहीत, मुळं जागेवर कुजू द्यायची. त्याच वाफ्यावर पुढे वाल, हरभरा आणि पुढच्या पावसात पुन्हा भात. वाफे मोडायचेच नाहीत. कोल्हापूरकडे प्रताप चिपळूणकर ऊसशेतीत नांगरणीशिवायची शेती कित्येक वर्षं सांगत आहेत. म्हणजे हे काही बाहेरून आलेलं खूळ नाही.

गेली तीन वर्षं मी पाच गुंठ्यांवर हे करतोय. पहिल्या वर्षी तण एवढं माजलं की घरात रोज बोलणी खाल्ली, आणि भातही शेजारच्या खाचराएवढाच झाला. फरक नंतर दिसायला लागला. वाफ्यावर गांडुळांची माती दिसू लागली. भात निघाल्यावर चिखलणीचं खाचर वाळून दगडासारखं होतं, भेगा पडतात. इथे नुसत्या ओलीवर पावटा आला. आणि सरीतून बाहेर जाणारं पाणी कमी गढूळ. आपल्या खाचरांतलं लाल पाणी शेवटी पानशेत, वरसगाव आणि गुंजवणीच्या धरणांतच जातं, हे विसरू नका.

असं का होतं? मातीचे कण मुळांच्या चिकट रसाने आणि बुरशीच्या धाग्यांनी एकमेकांना धरून असतात. त्या ढेकळांच्या आत कुजलेला पाला, म्हणजेच सेंद्रिय कर्ब, सुरक्षित असतो. माती सारखी ढवळली की ढेकळं फुटतात, जिवाणू तो कर्ब खातात आणि तो हवेत उडून जातो. त्यात आपण राबासाठी शेण, पाला, कवळं जाळतो. जे जमिनीत जायला हवं त्याचा धूर करतो. शिवाय तुंबलेल्या चिखलात मिथेन तयार होतो, तो वेगळाच.

मृदा आरोग्य पत्रिका काढली असेल तर त्यात सेंद्रिय कर्बाची ओळ बघा. 0.5 टक्क्याच्या खाली म्हणजे कमी, 0.75 च्या वर म्हणजे जास्त. एकरातली वरची सहा इंच माती साधारण आठ लाख किलो भरते. तिच्यात कर्ब 0.1 टक्का वाढला तर तो झाला आठशे किलो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात जवळपास तीन टन. आकडा मोठा वाटतो, पण त्याला वर्षं लागतात आणि एका नांगरटीत त्यातला बराचसा जाऊ शकतो.

म्हणूनच "कार्बन क्रेडिटचे पैसे मिळतील" म्हणत कुणी कागद घेऊन दारात आलं तर लगेच सही करू नका. न नांगरलेल्या जमिनीत कर्ब वाढतो तो मुख्यतः वरच्या थरात. खोलवर किती वाढतो यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. नमुना किती खोलीवरून घेणार, करार किती वर्षांचा, मधेच नांगरलं तर काय, हे आधी विचारा. माझ्या मते क्रेडिट मिळो न मिळो, वाचलेली मजुरी आणि थांबलेली माती हीच खरी कमाई आहे.

अडचणीही सांगतो. या पद्धतीत तणनाशकावर भर आहे, आणि ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्राने 2022 मध्ये निर्बंध घातले. ओढ्याकाठच्या आणि विहिरीजवळच्या वावरात मला तरी ते नको वाटतं. मी हाताने बेणतो, पण पाच गुंठ्यांत जमतं ते दोन एकरांत जमेल असं नाही. दुसरं म्हणजे टोकणी पाऊस जोर धरायच्या आत झाली पाहिजे. आपल्याकडे एकदा झड लागली की बी कुजतं. पाणी तुंबणाऱ्या खोलगट खाचरात हे करूच नये. तिसरी अडचण मोकाट गुरांची. भात निघाला की सगळं रान मोकळं सुटतं, मग वाफेही तुडवले जातात आणि पावटाही राहत नाही. ही एकट्याने सुटणारी गोष्ट नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. सगळं रान बदलू नका, दोन-तीन गुंठे करून बघा. त्याआधी मातीचा नमुना द्या आणि तीन वर्षांनी त्याच जागेचा, त्याच खोलीवरून पुन्हा द्या. ग्रामसभेत दोन विषय मांडा: गावासाठी दोन-चार साचे आणि दिवाळीनंतर गुरं राखायची पद्धत. कृषी सहायकांनाही बोलवा. ज्यांनी करून सोडून दिलं असेल त्यांनी का सोडलं ते खाली जरूर लिहा, ते जास्त उपयोगाचं आहे. साचा बघायचा असेल त्यांनी घरी या, माझ्याकडे एक आहे.