संबोधनाचा रकाना

मराठीच्या एका निवृत्त अध्यापकाने उतारवयात रोमानियन भाषा शिकावयास घेतली, तेव्हा पुल्लिंगी नामाचा नमुना म्हणून त्याच्यासमोर प्रथम आला तो 'लुप', म्हणजे लांडगा. वहीत त्याने कोष्टक आखले : लुपुल, तो लांडगा, लुपुलुइ, त्या लांडग्याचा किंवा त्या लांडग्याला, अनेकवचनी लुपी आणि लुपिलोर. षष्ठी आणि चतुर्थी यांचे रूप एकच. लॅटिनपासून निघालेल्या प्रमुख भाषांपैकी नामांची विभक्तिरूपे राखली ती रोमानियननेच. परंतु एकवचनातील पुल्लिंगी नाम स्वतः बहुधा वाकत नाही. विभक्तीचा भार वाहते ते त्याच्या अंती जोडलेले निश्चयवाचक उपपद. मराठीत याच्या उलट, 'लांडगा'चे 'लांडग्या' असे सामान्यरूप झाल्यावाचून प्रत्यय लागत नाही.

पुढे 'तातऽ' हा शब्द आला. अर्थ बाप, घडण स्त्रीलिंगी नामासारखी, चालतो मात्र पुल्लिंगी : तातल, तातलुइ. स्वतःच्या बापाविषयी घरात बोलताना मात्र 'ताता' म्हणावयाचे, आणि 'बाबांचे' या अर्थी बोलीत 'लुइ ताता'. पुरुषांच्या विशेषनामांप्रमाणे येथे विभक्तीचे चिन्ह नामाच्या आधी येते. म्हणजे 'बाप' हे सामान्यनाम, पण आपला बाप हे विशेषनाम.

शेवटचा रकाना संबोधनाचा. तेथे उपपद गळून नुसते 'तातऽ' उरते. त्याखालील टीप वाचून अध्यापक थबकला : रोमानियन बाप आपल्या मुलालाही लाडाने 'तातऽ' अशीच हाक मारतो. संस्कृतातील 'तात' वडिलांना आणि मुलाला सारखाच चालतो, हे त्याने वर्षानुवर्षे शिकविले होते. त्याचे स्वतःचे वडील ओसरीवरून त्याला 'बाबा, इकडे ये' म्हणून बोलावीत, हे मात्र त्याला त्या शिकविण्यात कधी आठवले नव्हते.

पाणिनीने संबोधनाला स्वतंत्र विभक्ती मानले नाही; ते प्रथमेतच सामावले. रोमान याकबसनने 1960 मध्ये श्रोत्याकडे वळलेल्या भाषाकार्याचा शुद्ध आविष्कार संबोधनात आणि आज्ञार्थात पाहिला. दोन्ही भूमिका त्याला परिचित होत्या. पण या हाकेत रूप पालटत नाही आणि नाते मात्र दोन्ही दिशांनी वाहते. हाक मारणारा आपलेच नाव ऐकणाऱ्याला देऊन टाकतो. नामाचे वाक्यातील स्थान सांगणाऱ्या कोष्टकाला ही देवघेव दाखविता येत नाही.

वडिलांना जाऊन बरीच वर्षे झाली होती. त्या नावाने त्याला बोलाविणारे आता कोणी उरले नव्हते. वहीत 'तातऽ'समोर त्याने 'हे पित्या' असा अर्थ लिहिला होता. तो खोडून त्याने 'बाबा' एवढेच लिहिले. कोणी कोणाला म्हटले, यासाठी रकाना नव्हता.