बाहेर जायचा रस्ता

पी५३ हे प्रथिन म्हणजे पेशीचा पहारेकरी. डीएनए बिघडला की पेशीची वाढ थांबवायची, नाहीतर तिला मरू द्यायचं, हे त्याचं काम. ते मुख्यतः केंद्रकात बसूनच करावं लागतं. काही कॅन्सरमध्ये पहारेकरी धडधाकट असतो, पण एक्सपीओ१ नावाचं वाहक प्रथिन जास्त बनतं आणि त्याला केंद्रकाबाहेर नेऊन सोडतं. आम्ही कोडवाले याला परमिशनचा घोळ म्हणू. एचआयव्ही आणि इन्फ्लुएंझाचे विषाणूही आपला आरएनए बाहेर काढायला हाच वाहक वापरतात.

मग वाहकच अडवला तर? लेप्टोमायसिन बी त्याला कायमचं जखडायचं. माणसांना ते सोसलं नाही. सेलिनेक्सॉरची पकड काही काळाने सुटते. जुलै २०१९मध्ये अमेरिकेत, बरेच उपाय करून थकलेल्या मल्टिपल मायलोमाच्या रुग्णांसाठी त्याला मंजुरी मिळाली. चाचणीत साधारण चौघांतल्या एकाला गुण आला.

माझ्या मावशीला मायलोमा आहे. मी हे सगळं उत्साहाने सांगितलं, तर तिने एवढंच विचारलं, "अरे, पण त्याने जेवण जाईल ना?"

प्रश्न नेमका होता. हा रस्ता निरोगी पेशीही वापरतात. औषधाने मळमळ होते, भूक मरते, प्लेटलेट घसरतात. सुरुवातीला गोळ्या आठवड्यातून दोनदा होत्या. डिसेंबर २०२०मध्ये बोर्टेझोमिब आणि डेक्सामेथासोनच्या जोडीने आठवड्यातून एकदा घ्यायला मंजुरी मिळाली. मधले दिवस सावरायला, जेवायला.

रस्ता अडवता येतो, हे कळलंय. किती दिवस अडवायचा, हे ठरवताना मावशीचा प्रश्न विचारायलाच हवा.