पीएच.डी. आणि पवनचक्की

माझी धाकटी बहीण इंजिनिअर झाली तेव्हा अण्णांनी गल्लीभर पेढे वाटले होते. पुढं कारखान्यात नोकरी, हे घरात ठरलेलंच होतं. पण तिनं मुंबईला मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात पीएच.डी.ला प्रवेश घेतला. विषय कोणता? तर शाळेतल्या मुलांना तंत्रज्ञान कसं शिकवावं! "मशिनी करायच्या सोडून पोरांबरोबर खेळणी करणार?" असं म्हणून अण्णा दोन महिने तिच्याशी धड बोलले नाहीत.

हे केंद्र 1974 साली सुरू झालेलं, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं. तिथल्या आधीच्या संशोधकांनी सहावीच्या आसपासच्या मुलांकडून पिशवी, बाहुल्या, वजन उचलणारी पवनचक्की अशा वस्तू करून घेतल्या होत्या. मराठी माध्यमाची मुलंही होती बरं का त्यात! गटानं आधी बोलायचं, चित्र काढायचं, मापं लिहायची, मगच कात्री हातात घ्यायची. पण यात पीएच.डी. करण्यासारखं काय आहे, हे मला डी.एड. होऊनही कळत नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात ती चार दिवस माझ्याकडं आली आणि माझ्या चौथीच्या वर्गात येऊन बसली. पुठ्ठा, खराट्याच्या काड्या, दोरा आणि एक खोडरबर तिनं मांडलं. "वाऱ्यानं हे खोडरबर वर चढलं पाहिजे. आधी चित्र!"

एका गटाची पवनचक्की झाली. टेबलफॅन लावला. पाती गरगरा फिरली, पोरांनी टाळ्या पिटल्या, पण खोडरबर जागचं हलेना. मी सांगायला पुढं झाले, तर तिनं मला डोळ्यांनीच थांबवलं आणि त्या गटाचंच चित्र त्यांच्यापुढं ठेवलं. पाती सुरेख काढलेली, दोरा आडव्या काडीला बांधलेला. पण पाती काडीला कशी जोडायची, ते चित्रात नव्हतंच. इकडं पात्यांचं भोक मोठं झालेलं. पाती फिरत होती, काडी मात्र गप्प.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग वर्गात कधी तोंड न उघडणारा एक मुलगा म्हणाला, "बाई, काडीपण फिराया पायजे!"

डिंक लावला. मधली सुट्टी तो वाळण्यात गेली. नंतर खोडरबर हळूहळू वर चढलं. सगळी मुलं तिकडं बघत होती आणि ही बया आधीच्या फसलेल्या चित्राचा फोटो काढत होती! "चित्र काढताना काय सुटतं नि वस्तू करताना ते कसं सापडतं, हेच तर मला शोधायचंय," म्हणाली.

अण्णांची नोकरीची काळजी अजून गेलेली नाही, आणि ती खोटीही नाही. डॉ. श्रीनाथ कलबागांनी अमेरिकेत पीएच.डी. केली, मोठ्या कंपनीतलं काम सोडलं आणि 1983 साली पाबळला विज्ञान आश्रम काढला, हे ती त्यांना वारंवार सांगते. ते नुसतं "हं" म्हणतात. परवा मात्र फोनवर तिला विचारत होते, "विहिरीवरचा रहाट करायला सांगितलास का गं पोरांना कधी?"