घरातली फळी

आपल्या पोरांच्या होस्टेलच्या खोल्यांत पुस्तकं वाढलीत. शासनानं 1979 पासून काढलेले बाबासाहेबांचे खंड आहेत. दया पवारांचं 'बलुतं' आहे. धामणगावचा, म्हंजे आपल्या अकोले तालुक्यातला माणूस, 1978 ला त्यानं सगळा महाराष्ट्र हलवला. हे सगळं ठीक. पण गावाकडच्या घरात, जिथं आई, चुलती आणि धाकटी पोरं राहतात, तिथल्या फळीवर काय आहे? हा हिशोब कोणी मांडत नाही. सभेत आपण क्रांतीवर बोलतो, फळीवर बोलत नाही.

आमच्या घरच्या फळीचं सांगतो. वर बुद्ध आणि बाबांची तसबीर. शेजारी वंदनेची पुस्तिका. रेशनकार्ड आणि जातीचा दाखला ठेवलेली प्लास्टिकची पिशवी. आणि खाली खिळ्याला कालनिर्णय.

1956 ला आपल्या माणसांनी देव सोडले, पंचांग सोडलं, सोवळ्या-ओवळ्याला लाथ मारली. 1973 ला कालनिर्णय निघालं आणि तिथी, चतुर्थी, मुहूर्त गुपचूप भिंतीवर चढले. कुणी जबरदस्ती केली नाही. दुधाचा खाडा मांडायला चौकट होती, गॅस कधी लावला ते लिहायला जागा होती, पान उलटलं की पाककृती होती. आई काही भटाच्या नादी लागली नव्हती. तिला दुधाचा हिशोब ठेवायचा होता. दोस्तहो, उपयोगाची वस्तू विचार पोटात घालूनच घरात येते. आपण विचार छापतो आणि उपयोग विसरतो.

आता स्वैपाकाचं घ्या. थोरल्या बहिणीला लग्नात 'रुचिरा' आहेर म्हणून मिळालं. कमलाबाई ओगल्यांचं, 1970 सालचं. पुस्तक वाईट नाही. मापं वाटी-चमच्यानं दिलेली, नव्या नवरीला आधार वाटावा असं. पण आजी जे शिजवायची त्यातलं त्यात काही नव्हतं. चान्या नाहीत, रक्ती नाही, वजडी नाही. छापलेलं ते अन्न, आणि आपल्या हंड्यातलं ते लपवायचं, हे शिकवायला कुणा मास्तराची गरज पडली नाही. पाहुणे आले की बहीण दार लोटून घ्यायची.

शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातल्या महारा-मांगांच्या ताटावर 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहिलं ते 2015 मध्ये, 'रुचिरा'नंतर पंचेचाळीस वर्षांनी. त्याच साली महाराष्ट्रात बैल आणि वळू कापायला बंदी आली. गाईची बंदी 1976 च्या कायद्यातच होती. म्हंजे एका हातानं आपलं खाणं पुस्तकात आलं, दुसऱ्या हातानं ते ताटातून गेलं. ज्यांनी चान्या वाळत घातल्या त्या म्हाताऱ्या आता थोड्याच उरल्यात. त्यांना विचारून उतरवून घ्यायचं काम प्राध्यापकांवर सोडून चालणार नाही.

पोरांच्या गोष्टींचं तर विचारूच नका. 'श्यामची आई' 1935 चं पुस्तक, घराघरात गेलं. साने गुरुजींचं मन मोठं होतं, यात वाद नाही. त्यात मोळीवाल्या महार म्हातारीचा प्रसंग आहे. आई श्यामला सांगते, मोळी उचलून दे, मग घरी येऊन आंघोळ कर. माझ्या भाच्यानं ते वाचलं आणि विचारलं, "मामा, आंघोळ कशापायी?" काय सांगणार? त्या गोष्टीत दया करणाऱ्याला घर आहे, आई आहे. म्हातारीला नुसती मोळी आहे. तिच्या घरी पोरं होती का, संध्याकाळी काय शिजलं, हे कुणी लिहिलं नाही. आपलं पोर ती गोष्ट कुठल्या बाजूनं वाचणार?

आणि तरी आपल्याकडं वस्तू आहे. 'ज्ञानोदय' 1842 मध्ये आपल्या नगरातच सुरू झालं. त्याच पत्रात 1855 ला मुक्ता साळवेचा निबंध छापून आला. फुल्यांच्या शाळेतली मांगाची पोरगी, आणि तिनं मांग-महारांचं दुःख मांडून धर्मालाच जाब विचारला. पोरानं लिहिलेलं पोरानं वाचावं. ठसठशीत अक्षरात, चार चित्रं घालून तो निबंध फळीवर का नाही?

शेवटची गोष्ट कायद्याची. जानेवारी 2013 ला सोनईत तिघांना मारलं. एप्रिल 2014 ला खर्ड्यात शाळकरी पोराला मारलं. सोनईत 2018 ला शिक्षा लागल्या. खर्ड्याच्या खटल्यात साक्षीदार फितूर झाले आणि 2017 ला आरोपी सुटले. साक्षीदाराला हक्क असतात, संरक्षण असतं, येण्याजाण्याचा खर्च मिळतो. ॲट्रॉसिटी कायद्यात 2015 च्या दुरुस्तीनं कलम 15-अ आलं, ते यासाठीच. हे वस्तीवर किती जणांच्या फळीवर आहे? फिर्याद नोंदवायला आधी चौकशीची गरज नाही, हे 18-अ सांगतं. मुद्दाम कर्तव्य टाळणाऱ्या अधिकाऱ्याला, तो स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसेल तर, कलम 4 लागतं. तपास उपअधीक्षकाच्या खालचा माणूस करू शकत नाही. फिर्यादीची नक्कल फुकट मिळते. ठाण्यात घेतलं नाही तर पोलीस अधीक्षकाला टपालानं पाठवता येते. जुन्या पुस्तिकांत यासाठी 154 कलम आहे. 1 जुलै 2024 पासून नवी संहिता आली, आता ते 173 आहे. जुनं पुस्तक हातात घेऊन ठाण्यात गेलात तर फौजदार पहिल्या वाक्यालाच हसेल.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. पुढच्या चौदा एप्रिलला डीजेची वर्गणी थोडी कमी करा आणि सोळा पानांचं चोपडं काढा. चार पानं कायदा, चार पानं आजीचा स्वैपाक, चार पानं पोरांच्या गोष्टी, त्यात मुक्ताचा निबंध पहिला. उरलेल्या चार पानांवर बारा महिन्यांच्या चौकटी छापा, दूध आणि गॅस मांडायला. 1 जानेवारी, 20 मार्च, 14 ऑक्टोबर, 6 डिसेंबर ठळक करा. वर भोक पाडून सुतळी ओवा. खिळा प्रत्येक घरात आहेच.