गाडीच्या गिअरांचें तेल

बैलगाडीच्या दिवसांत प्रत्येक गाडीखालीं वंगणाचा नळा लोंबत असे. एरंडेल व काजळी यांचें तें काळें मिश्रण आंसाला लावल्यावांचून जाणता शेतकरी गाडी जुंपीत नसे, आणि ज्याची गाडी करकरत गांवांत शिरे त्याच्याकडे लोक आळशी म्हणून बोट दाखवीत. आतां आमच्या परभणी जिल्ह्यांत कापूस मोंढ्यावर नेण्याचें काम बहुतेक पिक-अप, टेंपो व ट्रॅक्टर यांच्याकडे गेलें आहे. या गाड्यांचें वंगण पेटींत बंद असतें, आणि जें दिसत नाहीं त्याची आठवणही होत नाहीं. इंजिनाचें तेल पुष्कळ जण वेळेवर बदलतात. गिअर-पेटीच्या तेलाची विचारपूस मात्र गाडी कुरकुरूं लागल्याखेरीज होत नाहीं. आमच्या घरीं एक जुनी पिक-अप आहे. तिच्या गिअरांचें तेल वडिलांच्या देखरेखीखालीं आम्ही भाऊ-भाऊ घरींच बदलितों. या कामांत जें पाहिलें व ऐकलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

गिअर-पेटींत लहानमोठीं दांतेरी चक्रें असतात, हें आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. इंजिन एका गतीनें फिरतें, चाकांस दुसरी गति हवी असते. त्या दोहोंचा मेळ हीं चक्रें घालितात. पूर्वीच्या मोटारवाल्यांस गिअर बदलतांना क्लच दोनदां दाबून हा मेळ स्वतःच साधावा लागे, व तो चुकला कीं दांत्यांवर दांते आपटून खडखडाट होई. १९२८ साली अमेरिकेंतील कॅडिलॅक मोटारींत यावर एक युक्ति आली. फिरत्या चक्राच्या निमुळत्या भागावर एक कडें येऊन घासतें आणि दोघांची गति सारखी करितें. मग दांते हळूच एकमेकांत बसतात. हें कडें पुष्कळ गाड्यांत पितळेचें असतें. तेलाची सगळी अडचण या कड्यापाशीं उत्पन्न होते. दांत्यांमध्यें तेल निसरडें हवें, पण कड्यावर तें फार निसरडें झालें तर कड्याची पकड सुटते.

म्हणून गिअर-तेलाच्या डब्यावर दोन खुणा पाहाव्या लागतात. ‘जी-एल ४’ हें साधारणपणें अशा गिअर-पेट्यांसाठीं असतें. ‘जी-एल ५’ हें मागच्या आंसावरील डिफरन्शिअलसाठीं. तेथें दांते एकमेकांवर मोठ्या दाबाखालीं घसरत असतात, म्हणून त्या तेलांत गंधक व स्फुरद यांचीं द्रव्यें जवळजवळ दुप्पट घातलेलीं असतात. हीं द्रव्यें पोलादाचें रक्षण करितात खरीं. परंतु त्यांतील कांहीं गरम झालीं कीं पितळेस खातात. एकाच गाडीच्या दोन पेट्यांना दोन निरनिराळीं तेलें लागावीं, हें प्रथम ऐकतांना नवल वाटतें. पांचाचा आंकडा चारापेक्षां मोठा, तेव्हां तें तेल वरच्या दर्जाचें, असा समज होणेंही स्वाभाविक आहे.

या समजाची किंमत आमच्या मामांनीं मोजली. त्यांचा टेंपो जिंतूर तालुक्यांतील खेड्यांतून मानवत व सेलूच्या बाजारांत कापूस नेत असे. एका विक्रेत्यानें त्यांना पांच आंकड्याचें तेल दिलें व गिअर-पेटींत तेंच घालावयास सांगितलें. कांहीं दिवसांनीं दुसरा गिअर टाकतांना खरखर ऐकूं येऊं लागली. आमच्या वडिलांनीं गाडीचें पुस्तक मागितलें तेव्हां मामा म्हणाले, “दाजी, महागाचं तेल आहे. त्यानं कधीं गाडी बिघडते का?” पुस्तक घरांत सांपडलें नाहीं, आणि वेचणीचे दिवस असल्यामुळें गाडी उभी करणें कोणासच परवडण्यासारखें नव्हतें. मामा गिअर जोर लावून टाकीत राहिले. पुढल्या हंगामांत, ऐन डिसेंबरांत, पेटी उघडावी लागली. मिस्त्रींनीं कडीं काढून फडक्यावर मांडलीं. त्यांच्या आंतील बारीक रेघा घासून गुळगुळीत झाल्या होत्या, व त्यांच्या शेजारच्या दांत्यांचीं टोकें बोथट झालीं होतीं. टेंपो नऊ दिवस उभा राहिला. दुसऱ्याची गाडी भाड्यानें घेऊन कापूस न्यावा लागला, आणि मामेबहिणीच्या वसतिगृहासाठीं बाजूस ठेवलेले पैसे त्यांत गेले. तिनें तें वर्ष गांवाहून एस. टी. नें रोज ये-जा करून काढलें. वसतिगृहाविषयीं तिनें एकही शब्द काढला नाहीं. मामींनींच तें पुढें आमच्या आईस सांगितलें.

तेलाच्या घट्टपणाविषयींही असाच घोटाळा आहे. गिअर-तेलावर ९० आंकडा असतो, इंजिन-तेलावर ४०. यावरून पहिलें दुसऱ्याच्या दुपटीहून घट्ट असें कोणी समजेल. वास्तविक हीं दोन मापेंच वेगळीं आहेत. ९० चें गिअर-तेल इंजिनाच्या ४० किंवा ५० च्या तेलाइतकेंच घट्ट असतें. ‘८०-डब्ल्यू-९०’ यांतील डब्ल्यू हें हिंवाळ्याचें अक्षर असून तें थंडींत तेल किती सहज वाहील हें सांगतें. आमच्याकडे मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या वर जातो, म्हणून कित्येक जण मुद्दाम अधिक घट्ट तेल मागतात. पण नव्या लहान मोटारींच्या पेट्या पातळ तेलासाठींच घडविलेल्या असतात. त्यांत दाट तेल घातलें तर डिसेंबरच्या पहांटे गिअर हलतां हलत नाहीं. ट्रॅक्टरची गोष्ट आणखी निराळी. पुष्कळ ट्रॅक्टरांत एकच तेल गिअर, नांगर उचलणारी यंत्रणा आणि तेलांत बुडालेले ब्रेक या तिघांची सेवा करितें. तेथें साधें गिअर-तेल चालत नाहीं. सारांश विचारलात तर दुकानदारास नव्हे, गाडीच्या पुस्तकास विचारावें. पुस्तक हरवलें असल्यास तें पुन्हां मिळवावें. एका पेटीच्या दुरुस्तीपुढें त्याची किंमत कांहींच नाहीं.

आमच्याकडे हें काम रविवारीं, उन्हें कललीं म्हणजे होतें. वडील गाडी चार-पांच किलोमीटर फिरवून आणितात; कोमट झालेलें तेल पातळ होऊन गाळासकट खालीं येतें. फार तापलेलें तेल मात्र हात भाजतें. मग सपाट जागा, हँडब्रेक, चारी चाकांस दगड, व इंजिन बंद. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणी शिरावयाचें नाहीं, हा वडिलांचा दंडक आहे. आमची गाडी उंच असल्यामुळें जॅक लागतच नाहीं. लहान मोटारीस मजबूत लोखंडी स्टँड लागतात, व ते नसतील तर गॅरेजची वाट धरावी. मुलांनीं हें काम वडील माणसांवांचून कधींही करूं नये.

गाडीखालीं गेल्यावर तळाचें बूच आधीं उघडण्याचा मोह प्रत्येकास होतो. वडील नेहमीं म्हणतात, “आधीं भरायचं बूच सुटतं का तें पाहा.” कारण उघड आहे. तळांतून तेल काढून टाकलें आणि बाजूचें बूच गंजून अडकलें असलें, तर गाडींत तेल भरतां येत नाहीं, आणि तेलाशिवाय ती मिस्त्रींकडे नेतांही येत नाहीं. तळाच्या बुचास पुष्कळदां लोहचुंबक असतो. त्यावर करडा, लोण्यासारखा मऊ लेप दिसला तर चिंता नको. ती दांत्यांची नेहमींची झीज होय. चिमटींत धरतां येतील असे तुकडे निघाले तर मात्र प्रकरण मिस्त्रींचें. पितळेस लोहचुंबक ओढीत नाहीं, म्हणून आमचा धाकटा भाऊ निघालेलें तेल पांढऱ्या थाळींत घेऊन उन्हांत धरतो व पिवळे कण चमकतात कीं काय तें पाहतो. मामांच्या टेंपोची पेटी उघडली तेव्हां तो शेजारीं उभा होता.

बुचाखालचा तांब्याचा वायसर नवा घालितात. बूच आवळतांना पैलवानी दाखवूं नये. पेटी ॲल्युमिनियमची असली तर आटे जातात. भरण्याचें भोंक आडवें असल्यानें बाटली तेथें पोंचत नाहीं. आम्ही वरून एक नळी सोडतों व तिच्या तोंडाशीं नरसाळें धरतों. आमच्या गाडींत त्या भोंकाच्या कडेवरून तेल ओघळूं लागलें कीं भरणें थांबवावयाचें. अधिक कोंबल्यास तेल फेसाळतें आणि सीलमधून बाहेर वाट काढतें.

क्लच नसलेल्या गाड्याही आतां परभणींत दिसूं लागल्या आहेत. त्यांतील कांहींचा गिअर यंत्र बदलतें, पण आंतील पेटी साधीच असते. २०१४ साली आलेली मारुतीची सेलेरिओ या प्रकारची होती. खऱ्या स्वयंचलित पेट्या निराळ्या. जनरल मोटर्सनें १९३९ मध्यें ओल्ड्समोबिल मोटारींसाठीं हायड्रा-मॅटिक नांवाची पेटी आणली, तींत इंजिनाची शक्ति तेलांतूनच पुढें जाई. अशा पेट्यांच्या तेलांत कित्येक वर्षें स्पर्म जातीच्या देवमाशाचें तेल मिसळीत असत. १९७० साली अमेरिकेनें त्या माशास संकटग्रस्त प्राण्यांच्या यादींत घातलें, व कारखानदारांस दुसरें द्रव्य शोधावें लागलें. या पेटीचें बूच उघडलें तरी पुष्कळसें जुनें तेल आंतच राहतें, आणि कित्येक गाड्यांत तेलाची पातळी इंजिन चालू ठेवून ठराविक उष्णतेवर मोजावी लागते. शेजारच्या डॉक्टरांनीं आपली तशी मोटार आमच्या अंगणांत आणली होती. वडिलांनीं ती नम्रपणें परत पाठविली.

राहिलें तें काढलेलें तेल. दारांना वाळवी लागूं नये म्हणून तें मागावयास शेजारी येतात, आणि नाहीं म्हणतांना वडिलांना संकोच होतो. परंतु आमची विहीर अंगणापासून चाळीस पावलांवर आहे. तें तेल रिकाम्या डब्यांत भरून, झांकण घट्ट लावून, जेथून जुनें तेल पुनःशुद्धीकरणास जातें अशा गॅरेजांत पोंचतें होतें. मागील खेपेस तो डबा मामांनींच आपल्या टेंपोंतून नेला. टेंपोच्या पेटींत आतां चार आंकड्याचें तेल आहे, आणि गाडीचें नवें मागविलेलें पुस्तक मामेबहिणीनें कव्हर घालून सीटखालीं ठेविलें आहे.