जादूगार पंधरा वर्षांचा असताना

चि. सानिकास,


'गेम ऑफ थ्रोन्स'ची पाचही पुस्तकं संपवून तू आता सहाव्यासाठी चिडचिड करते आहेस, असं तुझी आई सांगत होती. पाचवं आलं 2011 मध्ये, तेव्हा तू प्राथमिक शाळेत होतीस. लेखक मार्टिनसाहेबांवर राग धरून काही उपयोग नाही. तू माझ्याकडे फँटसीची यादी मागितलीस, ती खाली देतेच आहे. पण आधी एकाच मालिकेबद्दल सविस्तर लिहिते, कारण ती लिहिणारी बाई तू राहतेस त्याच गावात जन्मली, मालिकेतलं पहिलं पुस्तकही त्याच गावातून निघालं, आणि तू वर्षभर तिथे राहून मला एकदाही तिचं नाव लिहिलं नाहीस. बर्कलीच्या पिझ्झ्याबद्दल मात्र दोन फोन झाले.

अर्सुला ले ग्विन. जन्म बर्कली, 1929. मालिकेचं नाव 'अर्थसी'.

1967 साली तिथल्या पारनासस प्रेस नावाच्या छोट्या प्रकाशनसंस्थेच्या हर्मन शाइन यांनी बाईंना विचारलं, जरा मोठ्या मुलांसाठी काही लिहाल का? तोवर ते प्रामुख्याने लहान मुलांची चित्रांची पुस्तकं काढायचे. विषय काय, रीत काय, सगळं तुमच्यावर, असंही ते म्हणाले. बाईंनी मुलांसाठी कधी लिहिलं नव्हतं, त्या बिचकल्याच. मग डोक्यात एक साधा प्रश्न आला. मर्लिन काय किंवा गँडाल्फ काय, जादूगार म्हटला की म्हातारा, पांढऱ्या दाढीचा. पण हे सगळे कधीतरी पंधरा वर्षांचे असतीलच ना? तेव्हा ते अर्धवट असतील, उद्धट असतील. आणि विद्या शिकले कुठे? म्हणजे कुठेतरी शाळा असणार. 1968 मध्ये 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' आलं, त्यात रोक नावाच्या बेटावर जादूगारांची शाळा आहे. हॉगवर्ट्सच्या एकोणतीस वर्षं आधी. हे मी तुला पॉटरवरून चिडवायला सांगत नाही (थोडं सांगते).

बेटं आधीपासून होती. 1964 मध्ये बाईंनी 'फँटॅस्टिक' मासिकात दोन छोट्या कथा लिहिल्या होत्या, त्यांतून बेटं, जादूगार आणि नावांचे नियम आले. कादंबरीच्या वेळी त्यांनी मोठा कागद घेतला आणि आधी नकाशा काढला. अर्थसीत खंड नाही, नुसती शेकडो बेटं आणि मधे समुद्र. त्यातल्या तीन बारक्या बेटांना त्यांनी आपल्या मुलांची लाडाची नावं देऊन टाकली. आख्खं जग बनवायचा अधिकार हातात आल्यावर माणूस एवढा चावटपणा करणारच.

गोष्ट गाँट बेटावरच्या गेडची. हा शेळ्या राखणारा पोरगा हुशार आहे आणि त्याला आपल्या हुशारीची फार घमेंड आहे. शाळेत एका खानदानी मुलाशी पैज लागते, आणि आपण काय करू शकतो हे दाखवायच्या नादात तो मेलेल्यांच्या जगातून काहीतरी या बाजूला सोडून बसतो. ते मिटवताना शाळेच्या मुख्य गुरूचा जीव जातो. पुढचं पुस्तकभर ती सावली त्याच्या मागे, आणि मग एका टप्प्यावर तो वळतो आणि तिच्या मागे लागतो. शेवट सांगत नाही. यात ना लढाया, ना सैन्यं, ना सिंहासन. दोनेकशे पानांत एक मुलगा आपल्याच कर्माचा पाठलाग करतो.

आता नावांचं. अर्थसीत प्रत्येक वस्तूला, माशाला, माणसाला एक खरं नाव असतं. ते कळलं की त्याच्यावर सत्ता आली. जादू म्हणजे ती नावं शिकणं, त्यासाठी शाळेत याद्या पाठ कराव्या लागतात, काड्या फिरवून भागत नाही. म्हणून आपलं खरं नाव कोणी कोणाला सांगत नाही, फक्त ज्याच्यावर जीव टाकावा त्याला. एरवी हाक मारायला वेगळं नाव. तुला हे विचित्र वाटायचं कारण नाही. तुझं नावरस नाव पत्रिकेत आहे, ते मला, तुझ्या आईला आणि गुरुजींना माहीत आहे. विद्यापीठाला आणि पासपोर्टवाल्यांना नाही.

हे नावांचं प्रकरण बाईंच्या डोक्यात कुठून आलं असेल? नाव गुप्त ठेवायच्या प्रथा जगभर आहेत, त्यामुळे एकच उगम दाखवता येणार नाही. पण एक गोष्ट त्यांच्या घरातलीच आहे, आणि ती तुझ्या विद्यापीठाचीही आहे.

1911 च्या ऑगस्टमध्ये उत्तर कॅलिफोर्नियात ऑरोव्हिल गावाजवळ एक माणूस सापडला. उपाशी, एकटा. तो 'याही' नावाच्या जमातीचा. सोन्यासाठी आलेल्या गोऱ्यांनी ती जमात मारून संपवली होती आणि उरलेले मूठभर लोक डोंगरात कित्येक वर्षं लपून राहिले होते. त्यांतला हा शेवटचा. अर्सुलाचे वडील आल्फ्रेड क्रोबर बर्कलीत मानववंशशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ संग्रहालयात आणलं. तो तिथेच राहिला, बाण कसे करायचे, आग कशी पाडायची हे लोकांना करून दाखवायचा, आणि 1916 मध्ये क्षयाने गेला. त्याने आपलं नाव कुणालाही सांगितलं नाही. परक्यासमोर स्वतःचं नाव उच्चारायचं नाही, हा त्याच्या लोकांचा रिवाज होता, आणि ते घेऊन त्याची ओळख करून देणारं कोणी उरलं नव्हतं. मग क्रोबरांनी त्याला 'इशी' म्हणायला सुरुवात केली, त्याच्या भाषेत माणूस.

अर्सुला जन्मली ती यानंतर तेरा वर्षांनी. इशीवरचं पुस्तक तिच्या आईने, थिओडोरा क्रोबरने लिहिलं, ते 1961 मध्ये आलं. नावांच्या नियमाची कथा आली 1964 मध्ये. यावरून मी जे जोडते तो माझा तर्क आहे, तू तो कोणाच्या तोंडी घालू नकोस. पण ज्या घरात हे पुस्तक लिहिलं गेलं तिथल्या मुलीने 'नाव हातात आलं की माणूस हातात आला' असं जग उभं करावं, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. क्रोबरांचं नाव तुमच्या विद्यापीठाच्या एका इमारतीला होतं. 2021 मध्ये ते काढून टाकलं. इशीला वागवलं त्या पद्धतीवर, आणि मूळ रहिवाशांच्या कबरींतले अवशेष गोळा करण्यावर तिथे बरीच वर्षं वाद चालला होता. तू त्या इमारतीसमोरून रोज जात असशील.

गेडचा रंग. तो तांबूस तपकिरी आहे, त्याचा जिवलग मित्र काळा, आणि अर्थसीतले बहुतेक लोक या नाहीतर त्या सावळ्या छटेचे. गोरे आहेत ते कारगाद बेटांवरचे, पुस्तकात पहिल्यांदा भेटतात ते लुटारू म्हणून. 1968 च्या अमेरिकेत बाईंनी हे मुद्दाम केलं, आणि गाजावाजा न करता केलं. वाचक गेडमध्ये पुरता गुंतला की मग कुठेतरी जाता जाता त्याचा रंग कळतो. पहिल्या मुखपृष्ठावर रूथ रॉबिन्स यांनी त्याला तांब्याच्या रंगाचा काढला. नंतर कितीतरी आवृत्त्यांच्या मुखपृष्ठांवर तो गोरा होत गेला, आणि 2004 च्या टीव्ही मालिकेत तर गोरा नटच घेतला. बाईंनी त्यावर लेख लिहून जाहीर खरडपट्टी काढली. ती मालिका बघू नकोस.

दुसरं पुस्तक, 'द टूम्स ऑफ ॲटुआन' (1971), माझं सगळ्यात आवडतं. एका लहान मुलीला मेलेल्या पुजारिणीचा पुनर्जन्म ठरवून आईपासून आणतात आणि तिचं नाव काढून घेतात. वाळवंटातलं देवस्थान, जमिनीखाली काळोखातला भूलभुलैया, तिथे दिवा न्यायला बंदी, ती बोटांनी चाचपत वाटा पाठ करते. गेड येतो तो अर्धं पुस्तक होत आल्यावर, चोर म्हणून. तिसरं 'द फार्देस्ट शोअर' (1972), मृत्यूबद्दल. मला ते थोडं गंभीर चेहऱ्याने उपदेश करणारं वाटलं, पण ड्रॅगन सगळ्यांत चांगले त्यात आहेत, आणि नॅशनल बुक अवॉर्ड त्यालाच मिळालं.

इथे सगळ्यांना वाटलं, संपलं. मलाही. फोर्टातल्या फुटपाथवर घेतलेलं माझं पुस्तक म्हणजे तिन्ही भाग एकत्र बांधलेला खंड होता आणि त्यावर 'ट्रिलॉजी' छापलेलं होतं.

अठरा वर्षांनी, 1990 मध्ये, 'टेहानू' आलं. तू पहिली तीन वाचलीस की तुझ्या लक्षात येईल, रोकच्या शाळेत एकही मुलगी नाही. गाँटवर तर बायकांची जादू कुचकामी आणि दुष्ट अशा अर्थाच्या म्हणीच आहेत. पहिलं पुस्तक लिहिताना बाईंना त्यात खटकण्यासारखं काही दिसलं नव्हतं, जादूगारांच्या गोष्टी अशाच असतात. नंतर दिसलं. दुसरं कोणी असतं तर नव्या आवृत्तीत शाळेत चार मुली घातल्या असत्या. बाईंनी जुन्या मजकुराला हात लावला नाही. तीच बेटं, त्याच म्हणी, फक्त आता बघणारी व्यक्ती वेगळी. दुसऱ्या पुस्तकातली ती मुलगी, टेनार, आता शेतकऱ्याची विधवा आहे, पोरं मोठी होऊन निघून गेलेली. शेळ्या, भांडी, चूल, आणि तिने सांभाळायला घेतलेलं एक पोर, ज्याला जवळच्याच माणसांनी आगीत टाकलं होतं. जादू जवळजवळ नाहीच. पुष्कळ वाचक रागावले, आमची अर्थसी बिघडवली म्हणाले. तुला सांगते, ते पुस्तक जड आहे, त्या मुलीचं वाचताना त्रास होतो, एका बैठकीत वाचू नकोस. मुखपृष्ठावर बाईंनी 'अर्थसीचं शेवटचं पुस्तक' असं लिहिलं आणि 2001 मध्ये आणखी दोन काढली: 'टेल्स फ्रॉम अर्थसी' हा कथासंग्रह आणि 'द अदर विंड'. त्या शेवटच्या पुस्तकात तिसऱ्यातला मेलेल्यांचा प्रदेश पुन्हा उघडून तपासला आहे. म्हणून क्रम बदलू नकोस, लिहिली त्याच क्रमाने वाच. नेटवर कालानुक्रमाने लावलेल्या याद्या मिळतील, त्यांनी सगळा मामला बिघडतो.

आता यादी. टोल्किन तू वाचलाच आहेस. पुलमनची 'हिज डार्क मटेरियल्स' तीन पुस्तकं, पहिली दोन उत्तम, तिसऱ्यात तो जरा भांडायला बसतो. जेमिसिनची 'ब्रोकन अर्थ': तीन भागांना ओळीने तीन वर्षं ह्यूगो मिळालं, 2016 ते 2018, आणि सुरुवातीची पन्नास पानं काही कळत नाही, तरी सोडू नकोस. प्रॅचेटची 'डिस्कवर्ल्ड' एकेचाळीस कादंबऱ्यांची आहे, पहिलीपासून सुरू केलीस तर कंटाळशील, 'गार्ड्स! गार्ड्स!'पासून कर. लहान आणि एकटं पुस्तक हवं तर सुझॅना क्लार्कचं 'पिरानेसी'. रॉबर्ट जॉर्डनच्या 'व्हील ऑफ टाइम'चे चौदा खंड मी तुला सुचवणार नाही. मधेच लेखक वारला, शेवटचे तीन ब्रँडन सँडरसनने पूर्ण केले, आणि मधल्या खंडांत बायका वेण्या ओढण्यापलीकडे फारसं काही करत नाहीत.

अर्थसीचं सगळं एकत्र बांधलेलं, चार्ल्स व्हेसच्या चित्रांचं पुस्तक 2018 मध्ये निघालं. सुंदर आहे, पण वजनदार. बसमध्ये वाचायला सुटे भागच घे, जुन्या पुस्तकांच्या दुकानात स्वस्त मिळतील. 'टेहानू' झालं की मात्र मेसेज न करता फोन कर. तुझ्या आईला ते आवडलं नव्हतं, आमचं त्यावर अजून मिटलेलं नाही, आणि मला माझ्या बाजूला एक माणूस हवा आहे.

तुझी,
मावशी