दोन डबे, एकच पत्ता



शाळेच्या कार्यक्रमांचा वृत्तांत आमच्या शिक्षकांनी या अंकात दिलाच आहे. मी मात्र संगणक कक्षातल्या एका लहानशा डब्याविषयी आणि माझ्या हातून झालेल्या एका चुकीविषयी लिहिणार आहे.

गेल्या ऑक्टोबरात परतीच्या पावसात पाळीत विजांचा मोठा कडकडाट झाला, तो आपणा सर्वांना आठवत असेल. त्या रात्री संगणक कक्षातला जुना राउटर जळाला. ऑफिसातला केबल मोडेम मात्र वाचला. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून लगेच नवा राउटर आणून दिला. आम्ही तो मोडेमला जोडला. दिवे लागले, वायफायचे नावही दिसू लागले. पण कोणतेही पान उघडेना. ‘इंटरनेट नाही’ एवढेच उत्तर. इकडे दहावीच्या मुलांची माहिती ऑनलाइन भरायची मुदत चार दिवसांवर आली होती.

२०२० च्या टाळेबंदीत गोव्यातल्या कितीतरी गावांत मुले नेटवर्कसाठी डोंगरावर चढून बसत होती. ते दिवस पाहिलेल्या माणसाला शाळेचे इंटरनेट बंद पडणे ही किरकोळ गोष्ट वाटत नाही. मी अस्वस्थ झालो आणि अस्वस्थ माणूस आधी दोषी शोधतो. आदल्या दिवशी नववीतला एक मुलगा राउटरच्या तारांपाशी वाकलेला मी पाहिला होता. काही न विचारता मी त्याला सर्वांसमोर बोललो आणि संगणक कक्षात पाऊल टाकायचे नाही, अशी ताकीद दिली.

नंतरचे दोन दिवस मी स्वतःच खटपट केली. एका परिचिताने फोनवर सांगितले की मोडेम बंद करा, दोन मिनिटे थांबा, आधी मोडेम आणि मग राउटर चालू करा. सल्ला चुकीचा नव्हता. साधा केबल मोडेम पहिल्यांदा जोडलेले यंत्र लक्षात ठेवतो आणि नव्याला ओळख देत नाही. बंद करून चालू केला की जुने विसरतो. पण आमचे काम त्याने झाले नाही. मग ऑफिसचा लॅपटॉप तारेने थेट मोडेमला जोडून पाहिला, तर इंटरनेट व्यवस्थित! म्हणजे केबल ठीक, मोडेम ठीक. नवा राउटरच खराब, असे मी ठरवून टाकले आणि तो परत पाठवायला खोक्यात भरला.

येथे एक कबुली देतो. माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. राउटरबरोबर आलेली इंग्रजी पुस्तिका मी दोन पाने वाचून ठेवून दिली होती. पण मुख्याध्यापकाने ‘मला हे कळत नाही’ असे म्हणायचे कोणाला?

तिसऱ्या दिवशी तो मुलगा ऑफिसच्या दाराशी उभा राहिला. “सर, एक सांगू? रागावणार नाही ना?” त्याच्या वहीत दोन ओळी होत्या. पहिली: लॅपटॉप थेट मोडेमला जोडल्यावर दिसणारा दाराचा पत्ता, १९२.१६८.१.१. दुसरी: राउटरला जोडल्यावर दिसणारा पत्ता, तोही १९२.१६८.१.१. पहिला त्याने ऑफिसच्या पडद्यावर पाहिला होता आणि दुसरा राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावरून उतरवून घेतला होता. त्या दिवशी तो तारांपाशी वाकला होता, तो त्यासाठीच.

मुलांनो, हे जरा समजून घ्या. मोडेमचे काम टीव्हीच्या गोल केबलमधून येणारा संकेत संगणकाला समजेल असा करणे. राउटरचे काम तो अनेकांना वाटणे. आमचा मोडेम ही दोन्ही कामे करणारा निघाला. घरातल्या आणि शाळेतल्या जाळ्यांसाठी काही पत्ते १९९४ पासून राखून ठेवलेले आहेत. ते कोणीही वापरावेत. गोव्यात कितीतरी गावांत देऊळवाडा असतो, तसेच हे. दोन गावांत असले तर बिघडत नाही. पण एकाच गावात दोन देऊळवाडे झाले, तर पोस्टमनने पत्र कुठे टाकायचे? आमच्या राउटरचे तेच झाले. बाहेर जायचे दार आणि तो स्वतः, दोघांचा पत्ता एक. माहिती बाहेर पडणार कशी?

आम्ही खोके पुन्हा उघडले. त्या मुलानेच संगणकावर राउटरचे पान उघडले, पत्त्यातला तिसरा आकडा १ चा २ केला आणि जतन केले. दोन मिनिटांत सगळे संगणक चालू झाले. दहावीची माहिती मुदतीच्या आत भरून झाली. खर्च शून्य.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी, ज्या मुलांसमोर मी त्याला बोललो होतो त्यांच्यासमोरच मी त्याची माफी मागितली. नवा डबा खराब नव्हता, जुनाही नव्हता आणि मुलगा तर नव्हताच. दोष ठरवण्यापूर्वी मी एकदा विचारले असते, तर दोन दिवस वाचले असते आणि एका मुलाचे मन दुखावले नसते.

पालकांना विनंती: घरी असे झाले तर यंत्र फेकण्याआधी एक-एक भाग वेगळा करून तपासा. दोन्ही डब्यांचे पत्ते वेगळे आहेत का ते पाहा. राउटरचा मूळ पासवर्ड आठवणीने बदला. आणि मूल तारांपाशी दिसले, तर ओरडण्याआधी काय पाहतोस, काय पाहतेस, असे विचारा.

माफीनंतर मी त्या मुलाला काय हवे ते विचारले. तो म्हणाला, “सर, तो जळलेला राउटर मला उघडून बघायला द्याल?”

दिला. सध्या तो संगणक कक्षातल्या टेबलावर सुटा होऊन पडला आहे. कोणी उचलू नये.

आपला,
मुख्याध्यापक